कटलेल्या पैशांचा अर्थ

शेलूबाजारच्या आमच्या शाखेत शेवटच्या खिडकीवर पाटी नाही. पूर्वी तिथं 'चौकशी' असं लिहिलेलं होतं. रंगकामात ते पुसलं गेलं आणि पुन्हा लिहायचं कोणाला सुचलं नाही. पण बाजारात कोणालाही विचारा, "पैसे कटले तं कोनाकडे जा लागते?" तो या खिडकीकडे बोट दाखवील. तिथं मी बसतो. दिवाळी अंकासाठी बँकेतल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. गमती आहेत, त्या आधी लिहितो. नंतर जे लिहिणार आहे त्यात गंमत नाही, पण ते सोडून नुसत्या गमती लिहिल्या तर मला झोप लागणार नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा लोक पैसे भरायला आणि काढायला येत. आता पैसे कुठं गेले ते विचारायला येतात. पासबुकावर एखादी ओळ छापून येते: तुटक इंग्रजी अक्षरं, एखाद्या शहराचं नाव, आणि वजा झालेली रक्कम. माणूस म्हणतो, "सायेब, हा कोन हाये? मी तं याले ओळखत बी नाई."

त्याचं बरोबर असतं. पासबुकावर छापलेलं नाव बहुतेक वेळा दुकानाचं नसतंच. ते दुकान चालवणाऱ्या कंपनीचं असतं, किंवा पैसे गोळा करून देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीचं. त्यात छापायला जागा मोजकी, म्हणून नाव मधेच तुटतं. शहर कधी बंगळूरु असतं, कधी समुद्रापलीकडचं. आमच्याकडच्या अनसिंगच्या माणसाचे पैसे त्यानं कधी न ऐकलेल्या गावी गेले म्हटल्यावर तो घाबरणारच. चोरी असतेच, नाही असं नाही. पण अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या अशा ओळींत बऱ्याचशा नोकरीच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांच्या असतात.

त्याचं असं आहे. नोकरी शोधणारा तिथं आपली माहिती टाकतो. ती कंपन्यांना वर दिसावी म्हणून पैसे भरतो. माणूस शोधणारा जाहिरात टाकतो; ती वर दिसावी म्हणून तोही भरतो. दोघांनाही सुरुवातीला फुकट म्हणून आत घेतात. मग कार्डाचा नंबर मागतात, खाली एक बारीकशी चौकट असते, तिच्यावर बोट पडलं की 'ऑटो-पे' चालू. म्हणजे पुढचे पैसे दर महिन्याला न विचारता जाणार. नोकरी लागली किंवा माणूस मिळाला म्हणून ते थांबत नाहीत, बंद करा असं आपण जाऊन सांगावं लागतं. हे मी लोकांना इतक्यांदा सांगितलं आहे की शिपाईसुद्धा माझी नक्कल करतो. तरी ज्या दिवशी ते मला आठवायला हवं होतं, त्या दिवशी आठवलं नाही.

अशी ओळ दिसली की मी संगणकाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारायचो. "घरी नोकरी कोन पाह्यते?" समोरचा आधी चिडायचा, मग बाहेर जाऊन पोराला फोन लावायचा. परत यायचा तेव्हा चेहरा उतरलेला असायचा आणि म्हणायचा, "सायेब, तुमाले कसं समजलं?" या प्रश्नाचा मला फार अभिमान होता.

रस्त्याकडेच्या डाळमिलचे शेठ एकदा पोलिसांत तक्रार लिहूनच माझ्याकडे आले. कार्डावरून दोन-तीन दिवसांआड पैसे जात होते, आणि दर वेळी रक्कम वेगळी.

"शेठ, तुमी मानूस पाह्यत होते काय कामाले?"

"पाह्यत होतो ना. सुपरवायजर. भेटला तो, दिवाळीतच. लय चांगला पोट्टा हाये."

"मंग जाहिरात काढली काय?"

"ते कायले काढायची? राहू द्या ना, दिसते लोकायले मिलचं नाव."

जाहिरात अजून चालूच होती. कोणी तिच्यावर बोट ठेवून ती उघडली की शेठच्या कार्डावर थोडे पैसे चढत होते, ठरावीक रक्कम साठली की ते कटत होते. मी विचारलं, इतकं कोण उघडून पाहतंय? शेठ जरा लाजले. त्यांनी ती जाहिरात घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. पुसदची आत्या, अकोल्याचे साडू, नागपूरची भाची, सगळे कौतुकानं रोज उघडत होते.

"म्हन्जे आत्यानं पाह्यलं का माये पैसे कटते?"

"हो."

"अन् ते तं दिवसभर पाह्यते बाप्पा! तिले दुसरा धंदाच नाई!"

ते हसले, मी हसलो, रांगेतले सगळे हसले. जाहिरात मी त्यांच्याच फोनवरून बंद करून दिली. काम कधीच होऊन गेलं होतं आणि पैसे मात्र चालूच होते. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून हे सांगतो आहे.

दुसरी गोष्ट वंदनाताईंची. मंगरूळपीरच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या नंबर लावायच्या, पावत्या फाडायच्या. डॉक्टरांच्या कार्डावर अनोळखी ओळ आली. डॉक्टरांना वेळ नाही, म्हणून त्यांनी सही केलेलं अधिकारपत्र देऊन वंदनाताईंना पाठवलं. चिठ्ठी नियमात बसत होती. मी ओळ पाहिली, त्या संकेतस्थळाला फोन लावला, आणि मान वर न करता सांगून टाकलं, "ताई, काही चोरीबिरी नाही. डॉक्टरांच्या घरच्या मॅडमनं त्यांचं कार्ड वापरून जाहिरात टाकली आहे. रिसेप्शनिस्ट पाहिजे म्हणून."

मी वर पाहिलं. त्या हातातल्या चिठ्ठीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"दवाखान्यात जागा तं एकच हाये, सायेब," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, डॉक्टरांना काय सांगू. मी म्हटलं, जे आहे ते सांगा. आता वाटतं, मी तेव्हा 'दोन दिवसांनी कळवतो' म्हटलं असतं आणि डॉक्टरांना फोन केला असता तर काही बिघडलं नसतं. पैसे कटल्याचा अर्थ कोणाला सांगतो आहोत, हे आधी पाहायला हवं होतं. त्या संध्याकाळी थोडं वाईट वाटलं. पण मी खरं तेच बोललो होतो, आणि खरं बोलल्यावर फार वेळ वाईट वाटून घ्यायची मला सवय नव्हती.

आता किसनभाऊंचं सांगतो. नावं बदलली आहेत, आणि गावही सांगत नाही. शेलूबाजारपासून जीपनं अर्ध्या तासाचा रस्ता आहे इतकंच.

किसनभाऊंची थोडी शेती. एकुलता एक मुलगा वैभव, पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला. आमच्या शाखेत बापलेकांचं जोडखातं होतं. कार्ड वैभवच्या नावाचं, पण फोन नंबर किसनभाऊंचा. वैभवचं लग्न जमत आलं होतं. मुलगी अनसिंगकडची, आणि मुलीचे मामा सुभाषराव आमच्याच बाजारात कृषी केंद्र चालवतात. रोजचा गल्ला भरायला ते आमच्या शाखेत येतात.

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण आमच्याकडे सोयरीक जमत आली की मुलीकडचे बँकेत चौकशी करतात. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं कठीण झालं आहे. नोकरी आहे म्हटल्यावर ती खरी आहे का हे कोणाला तरी विचारायचं असतं. तलाठ्याला विचारतात, मास्तरला विचारतात, पण बँकवाल्याच्या शब्दाला वजन जास्त. सुभाषरावही आले होते. गल्ला भरून झाल्यावर खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "सायेब, त्या पोट्ट्याचं खातं कसं हाये? पगारबिगार येते काय?"

मी म्हटलं, "सुभाषराव, ते आमाले सांगता येत नाई. नियम हाये."

"मले काहून नाई सांगत? मी काय परका हाये?"

"माझ्या भावाच्या सोयरिकीतबी मी कोनाले सांगतलं नाई."

ते हिरमुसून गेले. मला मात्र छाती फुगल्यासारखं वाटलं. माझ्या खिडकीतून कोणाच्या खात्याचा शब्द बाहेर जात नाही, हे मी त्या रात्री घरी जेवताना सांगितलं.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरली गेली. तिच्या आधीच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, किसनभाऊ पासबुक घेऊन आले. खर्चासाठी पैसे काढायचे होते, म्हणून एन्ट्री मारून घेतली होती, आणि त्यात ती ओळ निघाली होती. रांग दारापर्यंत होती.

"सायेब, हे पाहा. कोन हाये हा? माये पैसे खाऊन राह्यला."

मी ओळ पाहिली. ओळखीची होती. आणि मी माझा प्रश्न विचारला. बाजाराच्या दिवशी शाखेत इतका गलका असतो की ओरडूनच बोलावं लागतं.

"किसनभाऊ, घरी नोकरी कोन पाह्यते?"

"कोनीच नाई. आमच्या घरी कोन पाह्यणार? वैभवले तं हाये नोकरी, पुन्याले."

"हे पैसे नोकरीच्या साइटले चालले ना. अन् कार्ड वैभवचं हाये."

"नाई बाप्पा. त्याले नोकरी हाये म्हनतो ना मी."

इथं मी थांबायला हवं होतं. काच उघडून त्यांना आत बोलवायला हवं होतं, बाकावर बसवायला हवं होतं. पण माझा प्रश्न कधी चुकत नव्हता, आणि तो चुकला असं रांगेसमोर दिसणं मला नको होतं. मी म्हटलं, "भाऊ, पोट्टा अजून नोकरी पाहूनच राह्यला. हे पाहा, याच महिन्यात पैसे गेले. इचारा त्याले."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग पगार काहून नाई येत किसन्याच्या खात्यात? मी तं कवापासून म्हनतो."

दुसरा म्हणाला, "पुन्याले काय, चहाच्या टपरीवरबी कंपनीच म्हनते."

हशा पिकला. डाळमिलच्या शेठच्या वेळी पिकला होता तसाच. किसनभाऊ वळून रांगेकडे पाहत होते. त्यांना त्यातला कोण बोलला ते शोधायचं होतं. पासबुक माझ्याच हातात होतं. ते घ्यायचं विसरून ते तसेच बाहेर गेले, पैसेही काढले नाहीत.

त्यांच्यामागे दोन माणसं सोडून सुभाषराव उभे होते. मी त्यांना तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी पैसे भरायची स्लिप आत सरकवली.

"बरं झालं सायेब, बोलले तुमी."

"सुभाषराव, मी तुमाले काई सांगतलं नाई."

"नाई ना. मले कुठं सांगतलं?" ते म्हणाले. "मले तं तुमी सांगतच नाई."

साक्षगंध फोनवरच मोडलं.

काही दिवसांनी वैभव आला. माझी कल्पना होती की भांडायला येईल. तो दुपारी, गर्दी नसताना आला, आणि खिडकीसमोर उभं राहून त्यानं विचारलं, "बसू काय?" मी त्याला आत घेतलं. त्याच्याजवळ प्लास्टिकची पिशवी होती. त्यातून त्यानं कारखान्याचं ओळखपत्र काढलं, पगाराच्या पावत्या काढल्या आणि माझ्या टेबलावर एकेक करून मांडल्या. पगार पुण्याच्या बँकेत होता. कारखान्यानंच सगळ्यांची खाती तिथं उघडली होती. तो घरी पैसे आणायचा ते सुटीत येताना, खिशात.

"मंग ते साइटचे पैसे?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं.

"ते जुनं हाये, सायेब. नोकरी नव्हती तवा घेतलं होतं, कंपन्यायले नाव वर दिसावं म्हनून. बाबाच्या फोनवर ओटीपीचा नंबर आला होता, तो बाबानंच सांगतला होता मले. मंग नोकरी लागली. फोन बदलला. ते अ‍ॅपबी नाई राह्यलं. मले काय मालूम ते चालूच हाये म्हनून?"

मी संगणकावर त्याचं खातं उघडलं आणि पान खाली सरकवलं. त्याच तुटक अक्षरांची ओळ मागच्या महिन्यात होती, त्याच्या मागच्या महिन्यात होती, आणि अशीच खाली खाली जात होती. सर्वांत पहिली ओळ त्याच्या नोकरीच्या आधीची होती. त्या दिवशी मी पासबुकावरची शेवटची एकच ओळ पाहिली होती. पान खाली सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी घेतला नव्हता.

वैभव म्हणाला, "सायेब, तुमी कायच्या भरवशावर सांगतलं?"

मी त्याचं ऑटो-पे बंद करून दिलं. शेवटच्या महिन्याचे पैसे परत मिळावेत म्हणून अर्ज केला; ते मिळालेही. त्यानं आभार मानले. मला ते फार लागलं.

त्याच संध्याकाळी मी सुभाषरावांच्या दुकानात गेलो. ते खताची पोती मोजून घेत होते. मी सगळं सांगितलं, जसं होतं तसं, माझी चूक म्हणून.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "पोट्टा आला होता माह्याकडे. सगळे कागद दाखवले. खरा हाये पोट्टा."

"मंग?"

"मंग काय? पोट्टीचं जमलं दुसरीकडे. कारंज्याले." त्यांनी गड्याला एक पोतं बाजूला ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता म्हणाले, "सायेब, तुमी मले एकट्याले काई सांगतलं असतं ना, तं मी आनखी कोनाले इचारून पाह्यलं असतं. बँकवाला चार लोकायत बोलला, मंग इचारायचं कोनाले?"

मी घरी आलो. घरी काही सांगितलं नाही.

माझ्यावर कोणी तक्रार केली नाही, चौकशी झाली नाही. व्यवस्थापकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुम्ही ग्राहकाला त्याच्याच खात्याची माहिती दिली. ते खरंच होतं. म्हणून शिक्षाही नाही आणि सुटकाही नाही. आता मी तसा प्रश्न विचारत नाही. असा कोणी आला की काच उघडून आत बोलावतो, बाकावर बसवतो, आणि ओळ पहिल्यांदा कधी आली तिथपर्यंत खाली जातो. लोक म्हणतात, साहेब हळू झाले. तिकडं गावात मात्र वैभवची नोकरी खोटीच राहिली. बाजारात एकदा बोललेलं परत घेता येत नाही. त्याच्यासाठी नंतर दोन स्थळं आली, दोन्ही चौकशीत गेली. माझ्याकडे कोणी चौकशीला आलं नाही; माझं म्हणणं त्यांना माहीत होतं.

किसनभाऊ बरेच महिने शाखेत आले नाहीत. मग एकदा आले, आणि तेही बाजाराच्याच दिवशी. रांग लावून माझ्यापर्यंत पोचले आणि त्यांनी पासबुक आत सरकवलं.

"पोराचे पैसे आले काय, पाहा. पुन्यावरून."

वैभव आता दर महिन्याला घरच्या खात्यात पैसे पाठवत होता. मी पाहून मान हलवली.

"मान कायले हालवता? सांगा ना. जोरात सांगा, मले कमी आयकू येते."

किसनभाऊंना शेतातून रस्त्यावरच्या जीपचा भोंगा ऐकू येतो. मी म्हटलं, "आले, किसनभाऊ."

"कोनाचे आले?"

"वैभवचे आले. पुन्यावरून. पगाराचे."

"हं," ते म्हणाले, आणि वळून रांगेकडे एकदा पाहून गेले.

तेव्हापासून ते दर महिन्याला येतात, आणि दर महिन्याला मी जोरात सांगतो. रांगेतले आता ऐकतही नाहीत. कोणी मोबाइल पाहत असतो, कोणी उन्हाला शिव्या देत असतो. हा आमचा दोघांचाच कार्यक्रम झाला आहे. त्यांनी मला माफ केलं आहे असं मला वाटत नाही, आणि मी ते विचारलेलंही नाही. पण एवढं एक काम त्यांनी माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं, याचं मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात ते आले. मी खातं उघडलं. पुण्याहून काहीच आलेलं नव्हतं. मागच्या महिन्याच्या पैशांच्या वर एकच नवी ओळ होती: तुटकी अक्षरं, शहराचं नाव, छोटी रक्कम. संकेतस्थळ दुसरं होतं, पण जात तीच. मी पान खाली सरकवलं. आधी ती कुठंच नव्हती. पहिल्यांदाच आली होती.

मी त्या ओळीकडे पाहत राहिलो. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे, की ओळीवरून सगळं कळत नाही. कदाचित त्याला आणखी चांगली नोकरी हवी असेल. कदाचित पगार उशिरा होणार असेल.

"आले काय?" किसनभाऊंनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. तेव्हा मला आठवलं, कार्डाची पहिली ओळ पडायच्या आधी फोनवर एक नंबर येतो, आणि फोन त्यांचा आहे. तो नंबर त्यांनीच मुलाला वाचून दाखवला असणार.

"आले, किसनभाऊ," मी म्हणालो. "वैभवचे आले. पुन्यावरून."

नोकरीत मी खात्याबद्दल खोटं कधी बोललो नव्हतो. ते तोंडातून अगदी सहज निघालं.

त्यांनी मान डोलावली. मी सवयीनं पासबुक छापायच्या मशीनकडे न्यायला लागलो, तर त्यांनी काचेखालून हात घालून ते धरलं.

"राहू द्या एन्ट्री," ते म्हणाले, आणि या वेळी फक्त मला ऐकू येईल असं. "मशीन बंद हाये ना?"

मशीन चालू होतं. हिरवा दिवा त्यांना बाहेरूनही दिसत होता.

"हो, बंद हाये," मी म्हणालो, आणि मशीनच्या मागचं बटण दाबून ते खरंच बंद केलं.

ते गेले. मागच्या बाईनं आपलं पासबुक आत सरकवलं. मी तिला सांगितलं, मशीन बंद आहे, उद्या या. त्या दिवशी शाखा बंद होईपर्यंत मी कोणाचंच पासबुक छापून दिलं नाही.